कानात काही घालायचं नाही

त्या वर्षी विद्यापीठाने हुकूम काढला, की यापुढे सगळ्या परीक्षा संगणकावर. कला शाखेतली पोरं कुरकुरली, शिकवणारे त्यांच्याहून जास्त कुरकुरले. आनंद झाला तो एकट्या सुंदुसला. हुकमाच्या सातव्या कलमात लिहिलं होतं, की आंधळ्या विद्यार्थ्यांसाठी पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम यंत्रावर घातला जाईल. तिने ते कलम मैत्रिणीकडून तीनदा वाचून घेतलं.

सुंदुसचे डोळे चौथ्या वर्षी तापात गेले. तेव्हापासून शाळेत काय, कॉलेजात काय, तिची उत्तरं दुसऱ्याच्या हाताने कागदावर उतरत आली. हा दुसरा कोण असावा याचा आमच्याकडे इजिप्तमध्ये नियम आहे. लिहिणारा परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे. जास्त शिकलेला असला तर तोच आपल्या पदरची उत्तरं घालेल, ही वरच्यांना धास्ती. म्हणून इतिहासाच्या चौथ्या वर्षाचा पेपर लिहायला सुंदुसला कोण मिळालं, तर कचेरीत चहा करणारी उम्म हाशिम, सहावीतून शाळा सुटलेली. बाई मनाची चांगली. पण सुंदुस भरभर सांगायला लागली की हात थांबवून म्हणायची, "हळू गं बाई, एवढे मोठे शब्द आमच्या घरात कोणी बोलत नाही." पहिल्या खेपेला अर्धा पेपर लिहायचाच राहिला. दुसऱ्या खेपेला तिने तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याखाली लिहिलं आणि दुसऱ्याचं चौथ्याखाली. तपासणाऱ्याने तिन्हींना शून्य दिलं. त्याच्या जागी मी असतो तरी दुसरं काय केलं असतं?

बाकी सगळे विषय सुटले होते. उस्मानी काळाचा इतिहास तेवढा दोनदा बुडाला होता. तिसऱ्यांदा बुडाला की विद्यापीठातून नाव कमी. मग पुन्हा बसणं नाही, पदवी नाही, चार वर्षं पाण्यात. गावच्या शाळेत अपंगांसाठी राखलेली शिक्षिकेची एक जागा होती. मुख्याध्यापिकेने शब्द दिला होता, की सुट्टी संपेपर्यंत थांबते, तेवढ्यात कागद आण. त्या एका पेपरापाशी सुंदुसचं सगळं घोडं अडलं होतं.

आता त्या विषयाच्या पुस्तकाची गोष्ट. ते लिहिलेलं तो विषय शिकवणाऱ्या डॉक्टर मुशीरांनी, आणि कॉलेजच्या उपप्रमुखही त्याच. पुस्तक विद्यापीठाच्या साइटवर चढवलं होतं. सुंदुसने ते फोनवर उतरवलं, फोनला वाचायला लावलं. फोन म्हणाला, "पान एक. चित्र. पान दोन. चित्र." तीनशे बारा पानं, तीनशे बारा चित्रं. कोणी नक्कल करू नये म्हणून बाईंनी प्रत्येक पानाचा फोटो काढून चढवला होता आणि वर आपलं नाव तिरपं छापलं होतं.

सुंदुस त्यांच्या खोलीत गेली. "डॉक्टर, टाइप केलेली फाईल मिळाली, तर माझा फोन वाचेल मला."

"आणि परवा ती गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे ढिगाने मिळेल," मुशीराबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी जीव तुटतो गं पोरी. पण एकीला दिली की गावाला दिली."

"मी कोणाला देणार नाही. देवाशपथ."

"तू नाही देणार. तुला वाचून दाखवणारे देतील."

"वाचून दाखवायला कोणी लागू नये, म्हणूनच तर मागतेय."

"इन्शाअल्लाह, बघू."

आमच्याकडे वरच्या माणसाने 'इन्शाअल्लाह, बघू' म्हटलं, की समोरच्याने उठावं. सुंदुस उठली.

शेवटी धावून आली ती वहिनी. रावया जेमतेम व्यापार-शाळेतली पदविका झालेली, पदरात दोन पोरं. फोनच्या पडद्यावरची ती चित्रं बघत तिने पुस्तक मोठ्याने वाचलं आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड केलं. रोज आठ-दहा पानं, चुलीपुढे. "सन पंधराशे सतरामध्ये सुलतान... अरे हात काढ तिथून, भाजेल! ...सुलतान कैरोत शिरला." सुंदुसने ते भाजण्यासकट पाठ केलं. लहानपणी गावच्या मक्तबात तिने सगळं कुराण तोंडपाठ केलं होतं, तेव्हापासून गाव आणि पुढे कॉलेजही तिला शेखा म्हणत आलं. तीनशे बारा पानं तिला जड नव्हती. महिन्याभरात अशी गत झाली, की कुठल्याही वालीचं, म्हणजे सुलतानाच्या सुभेदाराचं, नाव घ्या, तो कधी आला, कधी हाकलला गेला, आणि त्या पानावर कोणतं पोर रडत होतं, सगळं ती सांगायची.

परीक्षेच्या दहा दिवस आधी ती संगणकांच्या दालनात सराव करायला गेली. दालन उस्ताज़ लबीबच्या ताब्यात. साठ यंत्रं, साठ खुर्च्या, झाडून सगळं त्याच्या नावावर. काही मोडलं तर जाब त्याला. म्हणून नव्या खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा त्याने कोणाला काढू दिलं नव्हतं; उन्हाळ्यात पोरं त्याला चिकटून बसायची. पण त्याने सुंदुसच्या यंत्रावर प्रोग्रॅम नीट बसवला होता. हेडफोन तिच्या हातात दिले. तिने कानाला लावले. "प्रश्न एक," यंत्र म्हणालं. स्वच्छ, सावकाश. खालच्या बाणाचं बटण एकदा दाबलं की पहिला पर्याय, दोनदा दाबलं की दुसरा, आणि मोठं बटण दाबलं की 'निवडलं'. मध्ये माणूसच नाही. सुंदुसला रडू फुटलं.

"रडायचं तर बाजूला होऊन रड," लबीब म्हणाला. "कीबोर्डात पाणी जाईल." मग खाकरून म्हणाला, "पोरी, एक सांगायचं राहिलं. गेटवरचा कागद कोणी वाचून दाखवला का तुला?"

कोणी दाखवला नव्हता. गेल्या वर्षी पोरांनी कानात हरभऱ्याएवढी यंत्रं घालून बाहेरून उत्तरं घेतली होती, वर्तमानपत्रात फार शोभा झाली होती. म्हणून यंदा विद्यापीठाने कागद लावला होता. कानात काही घालायचं नाही. ज्याच्या कानात काही सापडेल, त्याने कॉपी केली असं धरलं जाईल, ऐकून घेतलं जाणार नाही.

सुंदुस तशीच मुशीराबाईंकडे गेली. बाई या वेळी खरंच चांगल्या वागल्या. "अगं, तो कागद तुझ्यासाठी थोडाच आहे? अर्ज कर, मी सही करते." सही केली. "फक्त यावर मुख्य कचेरीचा गरुडाचा शिक्का लागेल."

गरुडाच्या शिक्क्याशिवाय आमच्याकडे माणूस मेलाही, असं सिद्ध होत नाही. आणि शिक्का ज्याच्या कपाटात, तो कारकून हजला गेलेला. देव त्याची यात्रा मान्य करो, पण जाताना कपाटाची किल्लीही बरोबर घेऊन गेला होता. सुंदुस आणि तिची अम्मा पाच दिवस कचेरीचे उंबरे झिजवत होत्या. रोज मायक्रोबसने एक तास यायचं, एक तास जायचं.

"कधी येतील हाजीसाहेब?" अम्माने खिडकीतल्या माणसाला विचारलं.

"ईद झाल्यावर."

"बाबा, पोरीचा पेपर ईदच्या आधी आहे."

"मग ईदच्या आधी कसे येतील? हज काय माझ्या हातात आहे, हाज्जा?"

"दुसरा शिक्का नाही?"

"दुसरा? दोन गरुड कुठे ऐकलेत का तुम्ही?"

अम्माने त्या खिडकीसमोर त्याच्या सात पिढ्यांना आशीर्वाद दिले, अशा सुरात, की शिव्या परवडल्या.  

परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊलाच ऊन तापलं होतं. अम्मा गेटबाहेर झाडाखाली भाकर-चीज घेऊन बसली आणि माळ ओढू लागली. सुंदुस सही केलेला, बिनशिक्क्याचा अर्ज छातीशी धरून दालनात गेली. शेजारच्या खुर्चीत कौसर होती, तिच्याच वर्गातली.

"शेखा, झालं का गं पुस्तक?" कौसर म्हणाली. "मी तर उघडलंसुद्धा नाही. लग्नं किती होती या महिन्यात!"

"झालं."

"सगळं? माशाअल्लाह. माझ्यासाठीही दोन शब्द पुटपुट."

सुंदुसने हेडफोन कानाला लावले आणि कोणीतरी ते हळूच काढून घेतले. देखरेखीला डॉक्टर शिहाब होते. नवीनच लागलेले, आवाजावरून तिशीचे, आणि घाबरलेले.

"कानात काही घालता येणार नाही."

"डॉक्टर, मला दिसत नाही. पडदा मला ऐकावा लागतो. हा बघा अर्ज, डॉक्टर मुशीरांची सही आहे."

"शिक्का नाहीये यावर."

"शिक्का हजला गेलाय!" सुंदुस ओरडली. मागची पोरं हसली. तिला हसू आलं नाही. "तुम्ही स्वतः कानाला लावून बघा. प्रश्न वाचण्यापलीकडे ते काही बोलत असेल तर मी आत्ता उठून जाते."

शिहाबने खरंच लावून पाहिलं. "फक्त प्रश्नच वाचतंय," ते कबूल झाले. "पण दारावरचा कॅमेरा माझं ऐकणार नाही. त्यात तुझ्या कानात काहीतरी दिसेल, एवढंच. तुझा पेपर रद्द होईल आणि माझी चौकशी लागेल."

"मग वेगळ्या खोलीत बसवा मला."

"यंत्र हलत नाही," उस्ताज़ लबीब दारातून म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, पण बोलला. "हलवायला हलवण्याचा कागद लागतो. माझ्या नावावर आहे ते."

"आणि त्या कागदावर शिक्का," कौसर म्हणाली.

"डॉक्टर, माझी ही शेवटची खेप आहे." सुंदुसने शिहाबचा आवाज जिथून येत होता तिकडे हात जोडले. "दोनदा बुडालेय. आज बुडाले तर घरी बसायचं मला, कायमचं. मला येतं सगळं. नुसते प्रश्न ऐकू द्या."

 मग शिहाबांनाच एक वाट सुचली. गेटवरचा हुकूम कानात काही घालू नका म्हणतो. कानाबाहेर आवाज नको, असं कुठे म्हणतो? लबीबच्या कपाटात एक लहानसा स्पीकर होता. तो काढला, तार जोडली. आवाज अगदी बारीक ठेवायचा. सुंदुसच्या जिवात जीव आला. तिने शिहाबला इतका दुवा दिला, की ते बिचारे लाजले.

घंटा झाली. पन्नास प्रश्न, दीड तास, पास व्हायला पंचवीस हवेत.

"प्रश्न एक," स्पीकर म्हणाला. "उस्मानी वाली साधारण किती मुदतीसाठी नेमला जाई?" सुंदुसने बाण दोनदा दाबला. "ब. एक वर्ष. निवडलं."

दुसरा प्रश्न, तिसरा, चौथा. सुंदुस सुटली होती. तिला वाटत होतं, आपण उतारावर धावतोय. पाचव्या प्रश्नाच्या 'निवडलं'नंतर तिला पहिल्यांदा जाणवलं, की दालनात काहीतरी चुकतंय. इतका वेळ एकही बटण वाजत नव्हतं. तिचं यंत्र "क, निवडलं" म्हणालं, आणि मग चहूकडून, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी बटणं वाजली. पुन्हा शांतता. सगळं दालन तिच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतं.

कोणीतरी प्रश्नांची सरमिसळ करायला विसरलं होतं. सगळ्यांना तोच पेपर होता, त्याच क्रमाने.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, म्हणतात. या दळणारीला मात्र खाणाऱ्यांचा आवाज स्पष्ट येत होता. तिने स्पीकर आणखी बारीक केला, डोकं टेबलावर टेकून कान त्याला चिकटवला. काय उपयोग? साठ माणसं श्वास रोखून बसली, तर भिंतीवरची पालही ऐकू येते.

"शेखा, सात नंबर पुन्हा," मागून कोणीतरी कुजबुजलं. "गाडी गेली बाहेरून, हुकलं."

सुंदुसने हात वर केला. "डॉक्टर, हे माझं ऐकताहेत."

"सगळ्यांनी आपापल्या पेपरात लक्ष द्या," शिहाब म्हणाले. याहून जास्त ते बिचारे काय करणार? कान झाका म्हणून सांगायचं?

थांबावं, तर आपण बुडणार. चालू ठेवावं, तर ही कॉपी आणि तीही आपल्याच हातून.  पंचवीस, फक्त पंचवीस, ती मनात म्हणाली. पंचविसाव्याला मी स्वतःच बंद करीन, मग पन्नासाव्यापर्यंत कोणी मारलं तरी दाबणार नाही. दहा झाले. चौदा झाले. सोळा.

"प्रश्न सतरा. खेड्यातला सारा कोण गोळा करी?" तिने बाण दाबला, आणि त्याच क्षणी दार उघडलं. डॉक्टर मुशीरा कैरोहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन आल्या होत्या, बरोबर फोटो काढणारा. संगणकावर परीक्षा देणाऱ्या पहिल्या आंधळ्या मुलीचा फोटो त्यांना हवा होता.

"क. मक्तेदार. निवडलं," स्पीकर म्हणाला. आणि साठ बटणं वाजली.

पाहुण्यांपैकी एकजण हसला. मुशीराबाई हसल्या नाहीत.

"हे काय चाललंय?"

"हेडफोनला परवानगी नव्हती, डॉक्टर," शिहाब म्हणाले. "शिक्का..."

"म्हणून अख्ख्या दालनाला उत्तरं वाचून दाखवताय? पाहुण्यांसमोर? काढा ते!"

"डॉक्टर, नका," सुंदुसने स्पीकरवर दोन्ही हात ठेवले. "सतराच झालेत. आठ हवेत अजून, आठच. तुम्ही इथे उभ्या राहा हवं तर. मला सगळं येतं, डॉक्टर, तुमचं पुस्तक आहे, पान सांगा, मी म्हणून दाखवते!"

"लबीब."

उस्ताज़ लबीबने येऊन तिची बोटं एकेक करून सोडवली. फार हळू सोडवली. तार निघाली.

"मग कोणीतरी प्रश्न वाचून दाखवा," सुंदुस म्हणाली. 

"मी वाचतो," शिहाब म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर आहात. वाचणारा तिच्यापेक्षा कमी शिकलेला हवा, नियम ठाऊक नाही?" मुशीराबाई दाराकडे वळल्या. "चहावालीला आज सुट्टी दिलीय, संगणक आहेत म्हणून. आणि हिला उठवू नका कोणी. वेळ संपेपर्यंत बसू दे. आंधळ्या मुलीला परीक्षेतून उठवलं असं उद्या कोणी म्हणायला नको."

दार लागलं. पाहुण्यांच्या चपला जिन्यावरून खाली गेल्या.

सुंदुस मुक्या यंत्रापुढे बसून राहिली. समोर तेहतीस प्रश्न होते, सगळ्यांची उत्तरं तिच्या डोक्यात होती, फक्त विचारलं काय आहे ते कळत नव्हतं. एवढा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता, डोळे गेल्यावरही नाही. रडावं तर वेळ जात होता. शेवटी तिने डोळे पुसले आणि ठरवलं. चारात एक. तेहतिसात आठ लागणं अगदीच अशक्य नाही. तिने बाण दाबला, एकदा, दोनदा, तीनदा. मोठं बटण. पुढचा. एकदा. मोठं बटण.

तिसऱ्या अंदाजानंतर तिच्या कानावर ते आलं. तिने बाण दोनदा दाबला, आणि मागे साठ हातांनी तेच केलं. ते तिच्या बोटांचे आवाज मोजत होते.

"अरे मूर्खांनो," सुंदुस मोठ्याने म्हणाली, "मला प्रश्नच कळत नाहीयेत! मी नुसती दाबतेय!"

"बोलू नका," शिहाब म्हणाले, पण त्यांच्या आवाजात काही दम नव्हता.

 मग शेजारून कौसर कुजबुजली, "तरी तू दाब, शेखा. आमच्यापेक्षा तुझा अंदाज बरा."

तिने दाबलं. दुसरं काय करणार होती? तेहतीस वेळा दाबलं, आणि तेहतीस वेळा ती सगळी डोळस पोरं तिच्यामागून आली.

वेळ संपली तशी यंत्रांवर गुण झळकले. दालनभर आरडाओरडा झाला. सुंदुसचं यंत्र गप्प होतं.

"डॉक्टर, किती?" तिने विचारलं.

शिहाब येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.  "तेवीस," ते म्हणाले.

"पुन्हा बघा."

"तेवीस आहेत, सुंदुस."

"मलाही तेवीसच," शेजारून कौसर पिशवी आवरत म्हणाली. तिने सुंदुसच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे गं. एवढं काय तोंड पाडून बसलीस? सप्टेंबरात परत बसू ना आपण."